प्रकल्प नोंदी: ‘पण लक्षात कोण घेतो’ शाळेच्या रंगमंचावर

२१ जून

यंदाच्या नाट्यगटासाठी कादंबरी ठरली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. शिक्षककक्षात दोघातिघांनी लगेच विचारलं, आठवी-नववीच्या मुलांना हे जड नाही का होणार? मला उलट वाटतं. कादंबरीची नायिका यमू ज्या वयात सासरी जाते, त्याच वयाच्या आसपास ही मुलं आहेत. आपण मोठी माणसं ही कादंबरी ‘त्या काळची’ म्हणून वाचतो. मुलं ती आपल्या वयाच्या मुलीची गोष्ट म्हणून वाचतील.

सोयीचंही एक कारण आहे. आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे मूळ कादंबरीवर कुणाचा हक्क उरलेला नाही. अलीकडच्या संक्षिप्त आवृत्त्या किंवा कुणी केलेली नाट्यरूपांतरं मात्र वापरायची नाहीत, त्यांचे हक्क वेगळे. संहिता आम्हीच मूळ पुस्तकावरून करायची.

मुख्याध्यापकांच्या अटी: प्रयोग पाऊण तासाच्या आत संपला पाहिजे, सहामाहीच्या आधी तालमी बंद, आणि कपड्यांवर खर्च नको. तिन्ही मान्य.

२९ जून

दोन दिवस पुस्तक घेऊन बसले. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात थोडी थोडी छापून आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ते वाचताना जाणवतं. आपटे घाईत नाहीत. माजघरातली एक कुजबुज, एक रुसवा, एक दुपार यांच्यावर ते पानंच्या पानं थांबतात. पाऊण तासात हे सगळं मावणार नाही हे उघड आहे. प्रश्न असा की काय टाकलं तरी यमू शिल्लक राहील?

पहिला विचार सरळ होता. मोठे प्रसंग उचलायचे, ओळीने लावायचे: माहेर, लग्न, सासर, मुंबई, वैधव्य, केशवपन. कागदावर मांडून पाहिलं तर हाती नुसती दुःखांची यादी आली. कादंबरी वाचताना जे होतं ते त्यात कुठेच नव्हतं. कारण या कादंबरीत सांगणारी यमू स्वतः आहे. सगळं भोगून झालेली बाई आपलं लहानपण सांगते, आणि सांगता सांगता मधेच हसते, मधेच स्वतःशी वाद घालते. तिचा आवाज काढला तर उरतं ते कुठल्याही रडक्या नाटकात सापडेल.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवला: निवेदन कापायचं नाही. प्रसंग कमी करू, निवेदन राखू.

ठेवायचं: यमू आणि तिचा भाऊ दादा यांचं लहानपण, मैत्रीण दुर्गी आणि तिच्या नवऱ्याने केलेली तिच्या आयुष्याची दैना, आईचं जाणं, यमूच्या शिकण्याला तिच्या नवऱ्याने, रघुनाथरावांनी, दिलेली साथ, मुंबईतले मोकळे दिवस, सासरचे शंकरमामंजी, शेवट. बाकीचे नातेवाईक, उपकथा, मुंबईतल्या मित्रमंडळींच्या लांबलचक चर्चा, सगळं बाजूला. चर्चा काढताना जीव तुटला, पण रंगमंचावर त्या उभ्या राहणार नाहीत.

६ जुलै

पहिलं वाचन. गटात सव्वीस मुलं, त्यांतली अकरा मुलगे.

दुसऱ्याच पानावर अडलं. ‘माजघर’ म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही. सगळी फ्लॅटमध्ये वाढलेली. ओसरी, सोपा, परसू, न्हाणीघर हे शब्द ऐकलेले, पण कशाला लागून काय असतं ते डोळ्यांपुढे येत नाही. समजावून सांगण्यापेक्षा सभागृहाच्या फरशीवर खडूने वाडाच काढला. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर, मागे परसू आणि विहीर. मुलांना आत चालायला लावलं. मुलग्यांना सांगितलं, तुम्ही कुठेही जा. मुलींना सांगितलं, बाहेरची पुरुषमाणसं आली असतील तर ओसरीवर यायचं नाही.

थोड्याच वेळात सगळ्या मुली माजघराच्या चौकोनात दाटीने उभ्या, आणि मुलगे उरलेल्या अख्ख्या वाड्यात पसरलेले. एक मुलगी म्हणाली, “बाई, इथून ओसरीवरचं ऐकू येतं, पण दिसत नाही.” यमूला पुष्कळदा स्वतःच्याच आयुष्याबद्दलचे निर्णय असेच कळतात, दाराआडून. वाचून दाखवायला मला अर्धा तास लागला असता ते तिला उभ्या उभ्या कळलं.

नेपथ्य इथेच सापडलं. वाडा बांधायचा नाही. ओसरी आणि माजघर यांच्यामधली एकच पांढरी रेघ रंगमंचावर राहील. तिच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण, यावर सगळी हालचाल बसवायची.

१३ जुलै

भूमिका. अपेक्षेप्रमाणे सगळ्या मुलींना यमू हवी. आणि मुलग्यांपैकी कुणालाच शंकरमामंजी सोडून काही नको, कारण खलनायकाला टाळ्या.

यमू कुणा एकीला द्यायची नाही असं मी आधीच ठरवलं होतं. एकीला दिली की बाकीच्या पंचवीस जणांना ती गोष्ट तिची वाटते. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही करायची. ही यमूची वही. जिच्या किंवा ज्याच्या हातात ती असेल तो त्या वेळी यमू. वही हातोहात फिरेल, एका वाक्यानंतर किंवा एका पानानंतर. दादा, दुर्गी, आई, रघुनाथराव, शंकरमामंजी ठरलेल्या मुलांकडे राहतील, यमू सगळ्यांची.

“मुलग्यांनी पण?” हो. मुलग्यांनी पण. यावर मागच्या रांगेत बरीच चुळबुळ झाली. त्यांना सांगितलं की ही कादंबरी छापून येत होती तेव्हा आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांची कामं बहुतेक पुरुषच करत. किर्लोस्कर नाटक मंडळीतले भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिकांमुळेच घराघरांत पोचले. पण आपण साडी नेसणार नाही, आवाज बारीक करणार नाही, मुरका मारणार नाही. आपल्याच आवाजात ‘मी यमू’ म्हणायचं, बस्स. पुरुषाने लिहिलेलं बाईचं आत्मकथन आहे हे. मग पुरुषाच्या आवाजात ते का येऊ नये?

आठवीतला एक लाजाळू मुलगा, वाचताना मान वर न करणारा, त्याच्याकडे आईच्या मृत्यूचा भाग आला. त्याने तो बाजारची यादी वाचावी तसा वाचला. आणि तोच बरोबर होता. त्याच्याआधी तीन मुलींनी हुंदके देऊन वाचून दाखवलेलं कुणाला भिडलं नव्हतं. तो भाग त्याचाच.

२७ जुलै

आज तालीम नाही, गप्पा. काळ समजून घ्यायला.

फळ्यावर तीन साली लिहिली. १८९०: कादंबरी ‘करमणूक’मध्ये सुरू. १८९१: संमतिवयाचा कायदा. १८९३: पुस्तक प्रसिद्ध, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांचा गोदूबाईंशी पुनर्विवाह. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या.

कायद्याबद्दल मुलांना साध्या शब्दांत सांगितलं: लग्न झालेल्या मुलीला नवऱ्याबरोबर संसाराला लावायचं किमान वय आधी १० होतं, ते १२ करायचं होतं. एवढ्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. मुलं सहसा या दोन नावांना एकाच फोटोफ्रेममध्ये पाहतात, त्यामुळे त्यांना धक्का बसला. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालण्याला होता, हेही सांगितलं; अर्धवट सांगून मुलांना एका बाजूला ढकलायचं नव्हतं. नववीतल्या एकीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “बारा म्हणजे माझी धाकटी बहीण. ती अजून लंगडी खेळते.”

मग एका मुलाने विचारलं, “बाई, हे सगळ्यांच्यात व्हायचं का? माझी आजी म्हणते आमच्यात पाट लावायचे.” फार मोलाचा प्रश्न. खरंच आहे ते. विधवेचं केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली रीत; शेतकरी, कारागीर अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न व्हायचं. आपट्यांची कादंबरी एका विशिष्ट घरातली आहे, अख्ख्या महाराष्ट्राची नाही, हे मुलांना स्पष्ट कळलं पाहिजे. नाहीतर ‘पूर्वी सगळीकडे असंच होतं’ असं मोघम काहीतरी घेऊन ती घरी जातात.

याच्याच ओघात न्हाव्यांचं सांगितलं. १८९० मध्ये, म्हणजे कादंबरी सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातून हे करवून घेतलं जात होतं त्यांनीच नकार दिला. हे ऐकून मुलगे ताठ बसले. नाटकात घालू या, असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. कादंबरीत नसलेलं त्यात घुसडायचं नाही. पण प्रवेशद्वाराशी मोठा फलक करू, आणि पडदा उघडण्याआधी एक जण ते चार ओळींत सांगेल.

१० ऑगस्ट

केळकर संग्रहालयात मुलांना नेऊन आणलं. हेतू एकच, घरातल्या वस्तूंचा आकार आणि वजन कळावं. मुली फणीपेटीपुढून हलेनात. आरसा, कुंकवाचा करंडा, फणी, सगळं एका पेटीत. “ही पेटी नंतर तिच्याकडून काढून घेत असतील ना?” एकीने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, तिला पेटीचं चित्र काढायला सांगितलं. ते चित्र आता संहितेच्या पहिल्या पानावर आहे.

परत येताना अप्पा बळवंत चौकाजवळचा आनंदाश्रम बाहेरून दाखवला. संस्कृत हस्तलिखितांचं हे घर आपट्यांच्या चुलत्यांनी उभं केलं आणि हरिभाऊंनी सांभाळलं. रोज ज्या रस्त्याने मुलं गाईडं आणायला जातात तोच रस्ता.

२४ ऑगस्ट

अडचण आली.

आलवण. विधवेचं ते तांबडं लुगडं. चित्रकलेच्या सरांनी जुन्या सुती कापडाला काव लावून ते तयार केलं होतं, रंग अगदी हवा तसा उतरला होता. तालमीत एका मुलीच्या अंगावर ते टाकलं. तिने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. “बाई, नाटक चांगलंच आहे. पण मुलीच्या अंगावर हे नको. सासूबाईंना अजिबात चालणार नाही.”

मला वाद घालता आला असता. अंधश्रद्धा, विज्ञान, एकविसावं शतक. पण त्या मुलीला दोन घरांमध्ये उभं करून मला काय मिळणार होतं? मी विचारलं, सासूबाई तालमीला येतील का?

आजी आल्या. खुर्चीवर बसून त्यांनी पूर्ण तालीम पाहिली. मग आलवण हातात घेऊन बघितलं, कडा चिमटीत धरून. म्हणाल्या, “काठ नसायचे याला. तुम्ही काठ ठेवलेत.” त्यांच्या लहानपणी त्यांची एक चुलत आत्या घरात होती, अशी. स्वयंपाक तिच्या हातचाच लागायचा, पण सणाच्या दिवशी समोर आलेली चालायची नाही. आजींनी एवढंच सांगितलं आणि उठताना म्हणाल्या, पोरीच्या अंगावर घालू नका, बाकी करा.

सरांनी काठ कापून टाकले. आणि आलवण कुणी नेसणार नाही हे ठरलं. ते रंगमंचावर येईल, घडी घातलेलं, पाटावर ठेवलेलं. शेवटच्या प्रवेशात ते तिथे नुसतं असेल. मला आता वाटतं हेच अधिक परिणामकारक आहे. नेसलेल्या आलवणाकडे पाहताना आपण त्या मुलीकडे पाहिलं असतं; पाटावर ठेवलेलं आलवण कुणाचंही असू शकतं.

७ सप्टेंबर

केशवपनाचा प्रवेश. या प्रवेशासाठीच खरं तर सगळ्या चर्चा चालल्या होत्या.

काय करायचं नाही ते आधी ठरवलं. टकलाचा विग नाही. किंचाळी नाही. पडद्यामागे सावली पाडून वस्तरा दाखवायचा नाही. गॅदरिंगमध्ये असा प्रवेश आला की मागच्या रांगा शिट्ट्या मारतात, आणि मारल्या नाहीत तरी तो प्रवेश मुलीच्या दुःखाचा तमाशा होतो. आणि न्हाव्याची भूमिका कुणालाच द्यायची नाही. आमच्या गटातल्या एका मुलाच्या घरचं सलून आहे. न्हावी रंगमंचावर आला तर वर्गात दुसऱ्या दिवशी काय बोललं जाईल हे मला माहीत आहे. शिवाय अपराधी तो नाहीच. शंकरमामंजी आहेत, घर आहे, रीत आहे.

मग उरतं काय? आवाज आणि केस.

आवाजाचं काम ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीने केलं. वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज हवा होता. इंटरनेटवरचे तयार आवाज सगळे खोटे वाटले. तिने घरून सहाण आणली, ओली केली आणि तिच्यावर स्टीलच्या चमच्याची मागची बाजू सावकाश ओढली. सभागृहात खालच्या बाजूला तो आवाज ऐकताना माझ्या मानेवर काटा आला. आवाज फक्त तीनदा. मग थांबायचं.

केसांचं मुलींनीच सुचवलं. सगळ्या गणवेशात आहेत, दोन वेण्या, लाल रिबिनी. सहाणेचा आवाज थांबला की ज्या ज्या मुलींनी यमू म्हटली आहे त्या एकेक करून पुढे येतात, एका वेणीची रिबीन सोडतात आणि पाटावरच्या आलवणावर ठेवतात. मुलगे टोप्या काढून ठेवतात. वही शेवटी आईच्या मृत्यूचा भाग वाचणाऱ्या त्या मुलाकडे येते आणि तो यमूचं निवेदन पुढे नेतो, त्याच सपाट आवाजात.

एका बाबतीत मी अडून राहिले. पार्श्वसंगीत नको. संगीताच्या बाईंना इथे सारंगी हवी होती. त्यांचं म्हणणं समजतं, पण सारंगी लागली की प्रेक्षकांना कसं वाटून घ्यायचं ते आपणच सांगून टाकतो. बाईंनी ऐकलं. त्याऐवजी सुरुवातीच्या माहेरच्या भागात जात्यावरची ओवी त्यांनी बसवली आहे, तीन मुली म्हणतात, वाद्याशिवाय.

२० सप्टेंबर

सहामाही जवळ. तालमी बंद. संहितेच्या प्रती घरी दिल्या, वही कपाटात.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली तालीम. पाठांतर निम्मं उडालेलं, उंच्या वाढलेल्या. रघुनाथराव झालेला मुलगा आता शंकरमामंजींपेक्षा वीतभर उंच आहे आणि आवाजही फुटलाय. चालेल. यमूच्या सांगण्यात तो तसाच आहे, तिला मोठा वाटणारा.

आवाजावर काम सुरू. कॉलर माइक नाहीत आणि मला नकोच आहेत. टांगत्या माइकने सगळं सभागृह घुमतं. रोज पहिली दहा मिनिटं: निम्मी मुलं रंगमंचावर, निम्मी शेवटच्या भिंतीला टेकून, कुजबुज करायची, पण शेवटच्या भिंतीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. माजघरातली कुजबुज या नाटकाचा जीव आहे. ओरडून ती होत नाही, ओठ आणि जीभ नीट हलवून होते. शब्दांचे शेवट मुलं गिळतात. ‘म्हणाली’मधली ‘ली’ पोचतच नाही.

२३ नोव्हेंबर

शंकरमामंजी. मुलगा हुशार आहे, पण भुवया उडवतो, खाली आवाज लावून हसतो. मालिकांतून शिकलेलं. त्याला म्हटलं, तू या घरातला सगळ्यात धार्मिक, सगळ्यात गोड बोलणारा माणूस आहेस. तुला जे करायचं आहे ते तू घराण्याच्या अब्रूसाठी करतोयस आणि तुला ते शंभर टक्के पटलेलं आहे. आपट्यांनी दांभिकपणाची ही जात बारकाईने पाहिली होती. मामंजी भयंकर वाटतात ते त्यांच्या शांतपणामुळे.

त्याला काम दिलं: सगळी वाक्यं पूजेची फुलं निवडता निवडता बोल. हात परडीत, नजर फुलांवर. भुवया आपोआप गेल्या. “आता तिचं भलं कशात आहे ते आम्ही बघायचं नाही तर कोणी?” हे जोडवाक्य मी लिहिलेलं, त्याने ते एक फूल उलटून पाहत म्हटलं, आणि दुर्गी झालेली मुलगी विंगेतून म्हणाली, “हा माणूस मला आवडत नाही.” काम झालं.

दुर्गीचं वेगळं. ती हसरी हवी. तिचं हाल सोसणं सगळ्यांना कळतं, पण यमूची ती जिवाभावाची मैत्रीण आहे, दोघी मिळून खिदळतात, हे मुली विसरतात. पहिल्या दोन प्रवेशांत दुर्गीने एकदाही उसासा टाकायचा नाही असा नियम केला.

३० नोव्हेंबर

पांढरी रेघ. रांगोळीने काढून पाहिली: दिसते सुंदर, पण तिसऱ्या एन्ट्रीपर्यंत सगळ्यांच्या पायाला लागून रंगमंचभर. खडू दिव्यात दिसत नाही. शेवटी पांढऱ्या मांजरपाटाची चार बोटं रुंद पट्टी, दोन टोकांना चिकटपट्टी.

याचा एक फायदा निघाला जो रांगोळीत नव्हता. पट्टी गुंडाळता येते. मुंबईच्या प्रवेशाच्या सुरुवातीला रघुनाथराव एका टोकाकडून आणि यमू दुसऱ्या टोकाकडून ती गुंडाळत मध्यावर येतात, आणि गुंडाळी तिच्या हातात राहते. आता ती कुठेही उभी राहू शकते. ती पुस्तक वाचते, खिडकीत बसते, बाहेर फिरायला जाते. हा भाग मी मुद्दाम लांब ठेवला आहे, जवळजवळ दहा मिनिटं. यमूचं सुख नीट दिसलं नाही तर पुढचं सगळं पोकळ. मुलांना हा प्रवेश सगळ्यात अवघड जातो. दुःख करायला सोपं, मजेत असणं करायला अवघड. त्यांना म्हटलं, सहलीच्या बसमध्ये कसे असता तसे असा.

रघुनाथराव गेल्यावर पट्टी परत कोण अंथरणार? मामंजी, असं मुलांचं मत. मला वाटलं घरातल्या बायका. कारण कादंबरीत रीत चालवायला घरातल्या बायकाही पुढे असतात, त्याच रीतीखाली दबलेल्या असूनही. यावर बरीच वादावादी झाली. आता दोन मुली पट्टी अंथरतात, मामंजी फुलं निवडत बसलेले असतात, वर बघतही नाहीत.

७ डिसेंबर

दिवे. शाळेचे दोन हॅलोजन, भाड्याने आणलेले चार पार, म्हणजे रंगमंचाचे डब्यासारखे दिवे, आणि उजेड कमी-जास्त करायला एक छोटा डिमर. सभागृहाच्या ट्यूब बंद केल्या तरी उंच खिडक्यांतून उजेड येतो. चित्रकलेच्या सरांनी काळे कागद लावले. माहेराला पिवळसर, मुंबईला भरपूर पांढरा, शेवटी फक्त पाटावर एक दिवा. दिव्यांपुढे लावायची रंगीत जेलं आणली नाहीत. निळा-लाल उजेड मारायचा मोह झालेल्या प्रकाशवाल्या मुलाला ते सांगणं कठीण गेलं.

१४ डिसेंबर

रंगीत तालीम. एक्कावन्न मिनिटं. सहा मिनिटं कापायची.

दादा आणि वडिलांमधला शिक्षणावरचा वाद काढला. तो माझा आवडता होता. दादा झालेल्या मुलाचा चेहरा पडला. त्याला शेवटचं निवेदन दिलं, जे खरं तर त्याच्याकडेच शोभतं. वही देताना हात थांबतात ते सगळे क्षण आवळले. वही देणारा थांबून बघतो, घेणारा थांबून घेतो, असं प्रत्येक वेळी करायला लागली होती मुलं. ते चालताचालता व्हायला हवं. रिबिनींची गाठ सुटत नाही हा खरा धोका. आता शेवटच्या प्रवेशाआधी विंगेत एक जण सगळ्यांच्या उजव्या वेणीची गाठ सैल करून ठेवते.

२० डिसेंबर

प्रयोग झाला. त्रेचाळीस मिनिटं.

सुरुवातीला लहान वर्गांची गडबड होती. ओवी सुरू झाली तेव्हाही होती. दुर्गी आणि यमूच्या खिदळण्यावर मुली खरंच हसल्या. मुलगा ‘मी यमू’ म्हणाला तेव्हा मागून हसू आलं, दुसऱ्या वेळी थोडं कमी, तिसऱ्या वेळी नाही. मुंबईच्या प्रवेशात पट्टी गुंडाळताना यमूच्या हातून टोक सुटलं. रघुनाथरावांनी वाकून उचलून दिलं, आणि ते इतकं सहज झालं की ते पुढच्या वेळी ठेवायचं.

शेवटच्या प्रवेशात सहाणेचा आवाज दुसऱ्यांदा आला तेव्हा पालकांच्या रांगेत कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. रिबिनी एकामागून एक पडत गेल्या. एकीची गाठ तरीही सुटेना. तिने घाई केली नाही, दोन्ही हातांनी सावकाश सोडवली आणि तोवर सगळे थांबले. ते दृश्य आम्ही बसवलेल्यापेक्षा चांगलं होतं.

आजी पहिल्या रांगेत होत्या. प्रयोगानंतर आत आल्या, नातीच्या वेणीला रिबीन परत बांधून दिली, आणि मला म्हणाल्या, “काठ कापलेत, बरं केलंत.”

२३ डिसेंबर

गटाबरोबर बोलणं. मुलांना विचारलं, काय कमी पडलं? त्यांची उत्तरं माझ्यापेक्षा नेमकी:

मामंजींच्या फुलांचा रंग पांढरा होता, मागच्यांना काय निवडतायत ते कळलं नाही; झेंडू घ्यायचा. न्हाव्यांच्या सभेचं सुरुवातीचं निवेदन गोंगाटात बुडालं. ते पडद्यापुढे उभं राहून नाही, सभागृहाच्या मागच्या दारातून चालत येत सांगायचं. दुर्गीचं पुढे काय होतं हे प्रेक्षकांना समजत नाही. दोन वाक्यं वाढवायची, त्याबदल्यात लग्नातली गडबड कमी करायची. वही वरून लाल आहे, पण उघडल्यावर आतली पानं कोरी दिसतात. पहिल्या रांगेतल्या मुलांनी ते पाहिलं. आता आठवीतल्या मुली सुट्टीत ती हाताने लिहून काढणार आहेत, यमूचं निवेदन, जेवढं नाटकात आहे तेवढं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जवळच्या दुसऱ्या शाळेत प्रयोग आहे. तिथला रंगमंच आमच्यापेक्षा अरुंद, विंग एकच. मोजमाप घ्यायला शुक्रवारी चित्रकलेचे सर जातील. मांजरपाटाची पट्टी कापू नये, टोकाला दुमडावी. सहाण नेताना फडक्यात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत.